बर्गेन : लिहून ठेवणारं गाव

टांकसाळीत काम करणाऱ्या थोरकेल नावाच्या माणसानं एकदा कुणाला तरी मिरी पाठवली. सोबत लाकडाची एक काडी दिली. तिच्यावर सुरीच्या टोकानं कोरलं होतं, 'थोरकेल टांकसाळवाला तुला मिरी पाठवतो आहे.' गाव बर्गेन, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. काळ मध्ययुगाचा. त्या काळी युरोपात मिरी जायची ती मलबारच्या किनाऱ्यावरून. आधी अरब व्यापाऱ्यांच्या जहाजांतून, मग भूमध्य समुद्रातल्या बंदरांतून, हात बदलत बदलत. हिवाळ्यात जिथे दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं, अशा या उत्तरेच्या बंदरापर्यंत ती पोचली, कुणाच्या तरी रश्श्यात पडली आणि संपली. काडी तेवढी राहिली.

ती हाती लागली एका आगीमुळे. बर्गेनच्या जुन्या धक्क्याला ब्रिगन म्हणतात. १९५५ च्या जुलैत तिथल्या लाकडी इमारतींचा एक भाग जळाला. राख उपसून झाल्यावर आस्बिऑर्न हर्टाइग या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली खोदकाम सुरू झालं आणि ते तेरा वर्षं चाललं. धक्क्याखालच्या ओल्या चिखलात हवा शिरत नव्हती, त्यामुळे लाकूड कुजलं नव्हतं. त्या चिखलातून साडेसहाशेहून अधिक रूनलेख निघाले. रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी, लाकडावर कोरायला सोयीची म्हणून सरळ रेघांची. तोवर अभ्यासक तिला मुख्यतः स्मारकशिळांवरची लिपी मानत. इथे तिच्यात रोजचा संसार लिहिलेला होता. मालाच्या गाठोड्याला बांधायच्या नावाच्या पट्ट्या होत्या, लॅटिन प्रार्थना होत्या, 'माझ्या लाडक्या, माझा मुका घे' असंही होतं. थोरिर फागर नावाचा व्यापारी आपल्या भागीदाराला, हाफग्रीमला, देवाचा आणि स्वतःचा नमस्कार कळवून लगेच रडगाणं सुरू करतो. बीअर मिळाली नाही, मासे मिळाले नाहीत, माझी फार ओढाताण चालली आहे, तुला कळावं म्हणून लिहितो. आणि सगळ्यांत प्रसिद्ध काडी गीदाची. 'गीदा म्हणते, घरी ये.'

ब्रिगनच्या संग्रहालयात या काड्या काचेआड ठेवल्या आहेत. पेन्सिलीएवढ्या, बोटभर, काही अर्ध्यात मोडलेल्या. मी बर्गेनला गेले ती फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, बघायला, जशी सगळी जातात. माझी भाची तिथल्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकते, म्हणून मुक्कामही चांगला लांबला. फ्योर्ड पाहिले, ते सुंदरच आहेत आणि त्यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. माझं मन अडकलं ते या गावाच्या एका सवयीत. बर्गेन लिहून ठेवतं. मिरी पाठवली तर लिहून ठेवतं, पाऊस पडला तर लिहून ठेवतं, घर जळलं तर ते नेमकं कुठे आणि केवढं उभं होतं ते ध्यानात ठेवून पुन्हा तिथेच बांधतं. ज्या माणसांना बाकी जगानं गावाबाहेर काढलं, त्यांचीसुद्धा नावनिशीवार नोंद ठेवतं. हे मला हळूहळू दिसत गेलं, आणि दिसल्यावर त्या गावात दुसरं काही दिसेना.

ब्रिगनचं छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. तांबडी, पिवळी, पांढरी, त्रिकोणी माथ्यांची लाकडी घरं पाण्याकडे तोंड करून ओळीनं उभी. समोरून ती चित्रातल्यासारखी दिसतात आणि पर्यटक तिथूनच परततात. खरं ब्रिगन मागे आहे. दोन घरांमधल्या बोळात शिरलं की फळ्यांच्या जमिनीवर पावलांचा आवाज होतो, डोक्यावर दोन्हीकडचे सज्जे एकमेकांना टेकायला आलेले असतात, लाकडाला डांबराचा आणि ओलाव्याचा वास येतो. एकही भिंत ओळंब्यात नाही. घरं एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी आहेत, दारांच्या चौकटी तिरक्या झाल्या आहेत. वर माल चढवायच्या जुन्या कप्प्या दिसतात. १९७९ मध्ये हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. साठेक इमारती आता उरल्या आहेत.

आणि यातलं काहीही मध्ययुगातलं नाही. १७०२ च्या आगीत जवळपास सगळं शहर गेलं, ब्रिगन तर पूर्ण. त्याआधी ११९८ ला जळलं होतं, १२४८ ला, १३३२ ला, १४१३ ला, १४७६ ला. प्रत्येक वेळी जळका राडारोडा समुद्रात ढकलून त्याच्यावर नवा धक्का पुढे सरकवला. आजचा काठ मूळ किनाऱ्यापासून शंभराहून अधिक मीटर पुढे आहे. हर्टाइगनं या आगींच्याच थरांवरून कालगणना केली. काळा थर म्हणजे अमुक साल, त्याच्यावरचा काळा थर म्हणजे तमुक साल. गावाची बखर जणू कोळशानं लिहिलेली. पण माझ्या मनात राहिली ती वेगळी गोष्ट. १७०२ नंतर लोकांनी घरं उभारली ती जुन्याच हद्दींवर, जुन्याच मापानं, बोळही जुन्याच रुंदीचे ठेवून. लाकूड अठराव्या शतकातलं आणि आराखडा बाराव्या शतकातला. नवं, रुंद, दगडी बांधायची संधी आली असताना त्यांनी शेजाऱ्याची जागा शेजाऱ्याला आणि आपली आपल्याला ठेवली. शहराच्या इतर भागांत रुंद मोकळे पट्टे सोडले, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. आजचे मोठे चौक हे त्या भीतीतून जन्मलेले आहेत. तरी १९१६ च्या जानेवारीत, वादळी वाऱ्यात, मध्यवस्तीतली शेकडो घरं जळालीच.

हे ब्रिगन होतं जर्मन व्यापाऱ्यांचं. सन १३६० च्या सुमारास ल्युबेक आणि इतर शहरांच्या हान्सा व्यापारी संघानं इथे आपली पेढी थाटली. ती चारशे वर्षं टिकली. माल एकच मुख्य, सुकवलेला कॉड मासा. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत आर्क्टिकच्या समुद्रातून कॉडचे थवे अंडी घालायला उत्तरेच्या लोफोटेन बेटांशी येतात. तिथे मासा साफ करून दोन-दोनच्या जोड्या शेपटीला बांधतात आणि लाकडी मांडवांवर टांगतात. मिठाचा कणही लावत नाहीत. शून्याच्या आसपासची थंडी आणि खारा वारा यांतच मे महिन्यापर्यंत तो लाकडासारखा कडक होतो, वजन पाचव्या हिश्शावर येतं, आणि मग वर्षानुवर्षं टिकतो. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या कॅथलिक युरोपाला हा मासा हवाच होता. उत्तरेच्या कोळ्यांना धान्य हवं होतं, कारण त्यांच्याकडे ते पिकतच नव्हतं. बर्गेन या दोन गरजांच्या मध्ये उभं राहिलं आणि श्रीमंत झालं.

ब्रिगनवर राहणाऱ्या जर्मन पुरुषांना लग्न करायची बंदी होती. कोवळी मुलं उमेदवारीला यायची, एकाच कपाटवजा बिछान्यात दोघं-दोघं झोपायची. आगीच्या धाकानं घरात चूल नाही, शेकोटी नाही, दिवाही नाही. साठाव्या अक्षांशावरचा हिवाळा! ऊब मिळायची ती फक्त मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सभागृहांत. तिथेच जेवण, तिथेच शिकणं, तिथेच शिक्षा. त्यांतली काही सभागृहं आजही पाहता येतात. हान्सा संग्रहालयाची मुख्य इमारत २०१८ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाली.

इथेही वह्या आहेतच, आणि या वह्या मला चटका लावून गेल्या. उत्तरेचा कोळी मासे घेऊन यायचा, धान्य, दोर, कापड घेऊन जायचा, आणि हिशेबात त्याच्या नावावर काहीतरी बाकी उरायचं. ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच व्यापाऱ्याकडे यावं लागे. कर्ज बापाकडून मुलाकडे जाई. लिहिलेलं सगळंच प्रेमाचं नसतं. ज्याच्या हाती वही त्याच्या हाती माणूस, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आता पावसाविषयी. बर्गेनमध्ये वर्षाला सुमारे २,२५० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत पडतो साधारण तेवढाच. कारणही ओळखीचंच आहे. समुद्रावरून आलेलं ओलं वारं किनाऱ्यालगतच्या डोंगरांना आपटून वर चढतं, थंड होतं आणि मोकळं होतं. सह्याद्री जे करतो तेच इथे गावाभोवतीचे सात डोंगर करतात. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिन्यांत येऊन धिंगाणा घालून जातो आणि बर्गेनचा बारा महिने वाटून घेतलेला असतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस लागलेली झड २००७ च्या जानेवारीपर्यंत ८५ दिवस सलग चालली. मुंबईत वाढलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला पाऊस काय शिकवायचा. पण त्याची जात वेगळी आहे. तो बारीक आहे, आडवा येतो, वाऱ्यात छत्री उलटी होते. भाचीनं पहिल्याच सकाळी माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि रेनकोट पुढे केला. "मावशी, इथे पावसात थांबत नाहीत. आडोशाला उभी राहिलीस तर संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहशील."

खरंच कुणी थांबत नाही. पाळणाघरातली मुलं अंगभर रबरी कपडे चढवून डबक्यांत बसलेली असतात. म्हातारी जोडपी डोंगर चढत असतात. सकाळी गाडीत शेजारी बसलेल्या बाईच्या कपड्यांतून पाणी ठिबकत असतं आणि ती शांतपणे पुस्तक वाचत असते. आपण पावसाची वाट पाहतो, त्याला गाणी म्हणतो, मग त्याला कंटाळतो. इथे यातलं काहीच करत नाहीत. पाऊस असतो, आणि त्यात आपलं काम करायचं असतं. मला हे फार आवडलं, पण हेही सांगते की तिथल्या नोव्हेंबरात मला राहता येणार नाही.

याच पावसानं बर्गेनला जगाच्या विज्ञानात जागा मिळवून दिली. १९१७ मध्ये विल्हेल्म ब्यर्क्नेस हे शास्त्रज्ञ इथे आले आणि भूभौतिकी संस्थेत त्यांनी हवामानाचा अभ्यास सुरू केला. पहिल्या महायुद्धामुळे परदेशांतून हवामानाच्या तारा येणं बंद झालं होतं. शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना अंदाज हवा होता. मग ब्यर्क्नेस यांनी पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षकांचं दाट जाळं विणलं. जागोजागी माणसं ढग पाहत, वारा मोजत, लिहून कळवत. त्या नोंदी नकाशावर मांडताना त्यांच्या तरुण सहकाऱ्यांना दिसलं की गरम आणि थंड हवेचे प्रचंड पट्टे एकमेकांना भिडतात आणि जिथे भिडतात तिथे वादळं जन्मतात. त्या सीमारेषेला त्यांनी युद्धभूमीवरून 'फ्रंट' हे नाव दिलं. आजही हवामानाच्या नकाशांवर तेच नाव चालतं.

त्या तरुणांत ब्यर्क्नेस यांचा मुलगा याकोब होता. पुढे तो अमेरिकेत गेला. १९६९ मध्ये त्यानं प्रशांत महासागरातल्या एल निनोचा संबंध वातावरणातल्या एका मोठ्या हेलकाव्याशी जोडून दाखवला. तो हेलकावा शोधून काढला होता गिल्बर्ट वॉकर यांनी, भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असताना, आपला मान्सून कधी दगा देतो हे ताडण्याच्या खटपटीत. दरवर्षी मे महिन्यात आपली वर्तमानपत्रं एल निनोच्या बातम्या छापतात आणि मराठवाड्यातला शेतकरी त्या वाचून आभाळाकडे बघतो. त्या बातमीची एक मुळी सिमल्याच्या कचेरीत आहे आणि दुसरी बर्गेनच्या पावसात. हे मला भाचीनं सांगितलं, विद्यापीठाच्या चढावर, भिजत.

ब्रिगनच्या पायालाही पाऊसच धरून आहे. जळालेल्या भागावर पुढे आधुनिक बांधकाम झालं, त्यानं जमिनीखालचं पाणी निचरून जाऊ लागलं. शेकडो वर्षं ओलं राहिलेलं लाकूड आणि मातीचे थर यांना हवा लागली, ते कुजू लागले आणि वरची घरं दरवर्षी काही मिलिमीटर खचू लागली. मोजमाप करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं. मग उपाय असा केला की छपरांवरून आणि फरसबंदीवरून पडणारं पावसाचं पाणी गटारात न सोडता झाडोऱ्याच्या उथळ खड्ड्यांतून आणि चरांतून जमिनीत मुरवायचं, म्हणजे भूजलाची पातळी वर येईल आणि हवा पुन्हा आत शिरणार नाही. आता ब्रिगनच्या मागे जे साधेसे हिरवे वाफे दिसतात ते त्यासाठी आहेत. मी त्यांच्यापाशी बराच वेळ उभी होते. गीदाची काडी ज्या ओलीनं जपली तीच ओल आता मुद्दाम राखली जाते आहे.

बाकीचं गाव सांगते थोडक्यात. फ्लॉयनच्या डोंगरावर १९१८ पासून दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे जाते, वर ३२० मीटरवरून सगळं बंदर ओंजळीत आल्यासारखं दिसतं. चढताना गाडीनं जा, उतरताना चालत या, वाट जंगलातून येते आणि थेट पांढऱ्या लाकडी घरांच्या गल्ल्यांत सोडते. उल्रिकेन हा सातांतला सगळ्यांत उंच, ६४३ मीटर. सात डोंगर नेमके कोणते यावर तिथे अजून वाद आहे. धक्क्याजवळच्या मासळीबाजाराची कीर्ती फार मोठी आहे, पण आता तो पर्यटकांचा झाला आहे, भाव ऐकून पाय आपोआप मागे येतो. त्यापेक्षा सँडविकेन किंवा नॉर्डनेसच्या गल्ल्यांत हिंडावं. तिथे खिडकीत कुंड्या, दारात ओले बूट आणि चढावर पायऱ्याच पायऱ्या. कोपऱ्यावरच्या बेकरीत दालचिनीचा मोठा गोल पाव मिळतो, तो घेऊन धक्क्यावर बसावं. उत्तरेला जाणारी टपाली बोट इथूनच सुटते, किनाऱ्यानं बंदरं घेत घेत थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत. नाताळात गावातली मुलं आणि मोठी माणसं मिळून आल्याच्या बिस्किटांचं एक अख्खं छोटं शहर बनवतात. २००९ मध्ये कुणीतरी रात्री ते तोडून टाकलं. काही दिवसांत गावकऱ्यांनी घरोघरी भट्ट्या पेटवून ते पुन्हा उभं केलं. लाकडाचं असो की बिस्किटाचं, त्यांना बांधून काढायची सवय आहे.

संगीतकार एडवर्ड ग्रीग इथलाच, जन्म १८४३ चा. गावाबाहेर ट्रोल्डहाउगेनला त्याचं घर आहे आणि खाली तळ्याकाठी एक एवढीशी खोपटी, जिथे तो संगीत लिहायला बसायचा. आत एक पियानो, एक टेबल, एक आरामखुर्ची, समोर पाणी. जाताना तो टेबलावर चिठ्ठी ठेवून जायचा, की कुणी घुसलंच तर कृपा करून स्वरलिपीचे कागद सोडावेत, एडवर्ड ग्रीगखेरीज कुणालाही त्यांची काही किंमत नाही. वर बांधलेल्या छोट्या सभागृहात मंचाच्या मागची भिंत काचेची आहे. वाजवणारा वाजवत असतो आणि त्याच्या पाठीमागे ती खोपटी आणि तळं दिसत राहतं. मी पाश्चात्त्य संगीत फारसं ऐकलेलं नाही. पण त्या दिवशी पियानोवर हळूहळू काहीतरी उलगडत होतं, बाहेर सर येऊन गेली, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं डोळे मिटले होते. ग्रीगच्या अस्थी त्याच तळ्याकाठच्या कड्यात, एका चौकोनी शिळेआड ठेवल्या आहेत.

होकोनचं सभागृह पाहायला गेले ती सहज. राजा होकोन होकोनसननं आपल्या मुलाच्या लग्नासाठी १२६१ मध्ये पूर्ण केलेली दगडी इमारत. आत भिंतीवरचा मजकूर वाचताना एका तारखेशी थबकले. २० एप्रिल १९४४. त्या सकाळी बंदरात स्फोटकांनी भरलेलं एक डच जहाज, 'फोरबोदं', उडालं. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. नव्वदहून अधिक माणसं मेली, हजारो जखमी झाली, या सभागृहाचं छप्पर उडालं, धक्क्यावर लाट चढली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' उडालं होतं. कापूस, दारूगोळा, सोनं घेऊन आलेलं जहाज. आमच्या घरात त्या स्फोटाची गोष्ट आजी सांगायची, मांडवीच्या बाजूला घरांवर पडलेले जळते बोळे, आकाशातून पडलेली सोन्याची वीट. दोन बंदरं, सहा दिवसांचं अंतर. कुठल्याच पुस्तकात मी ही दोन नावं शेजारी वाचली नव्हती. सभागृह १९६१ मध्ये, सातशे वर्षं पूर्ण होताना, पुन्हा उभं राहिलं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते वेगळंच आहे.

रेल्वे स्टेशनच्या मागे, दोन पावलांवर, सेंट यॉर्गनचं इस्पितळ आहे. पंधराव्या शतकापासून तिथे कुष्ठरोगी राहत. आताची लाकडी इमारत अठराव्या शतकातली. मधे उंच, पोटमाळ्याचं एक मोठं दालन, त्याच्या दोन्ही अंगांना खालीवर कोठड्या. एकेका कोठडीत दोन-दोन, तीन-तीन माणसं, पलंग आणि खुंट्या एवढंच. दालनात सामाईक चूल. पलीकडे चर्च. गंमत म्हणजे पहिली भावना मला भीतीची झाली नाही. लाकडी जिने पावलांनी झिजून खोलगट झाले आहेत, ते पाहून वाटलं, इथे माणसं फार काळ जगली आहेत. १८१६ मध्ये इथल्याच पाद्र्यानं, वेल्हावननं, या जागेला जिवंतांची दफनभूमी म्हटलं होतं. तेही खरंच असणार.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून कुष्ठरोग जवळपास गेला होता, पश्चिम नॉर्वेत मात्र वाढत होता. बर्गेनमध्ये तीन मोठी कुष्ठरोग इस्पितळं होती. डॉ. दानिएल्सेन हे इथले मोठे नाव. रोग आनुवंशिक आहे असं त्यांचं मत होतं आणि ते सिद्ध करायला त्यांनी रोग्यांच्या अंगातला अंश स्वतःच्या शरीरात टोचून घेतला होता. हे वाचताना मला आनंदवन आठवल्याशिवाय कसं राहील? बाबा आमट्यांनीही आपलं शरीर अशाच प्रयोगासाठी पुढे केलं होतं. मग १८५६ मध्ये नॉर्वेनं कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. प्रत्येक रोगी, त्याचं नाव, गाव, घर, नातेवाईक, रोग कधी दिसला, कधी मेला. आठ हजारांहून अधिक माणसं तिच्यात आहेत. ही नोंदवही आणि इतर कागद आज युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत आहेत.

दानिएल्सेन यांचे जावई आणि सहकारी गेरहार्ड आर्माउअर हान्सेन. नोंदी वाचून आणि गावोगाव फिरून त्यांची खात्री पटली की रोग रक्तातून नाही, संसर्गातून येतो. १८७३ च्या फेब्रुवारीत रोग्याच्या गाठीतल्या अंशात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली काठीसारखे जंतू दिसले. क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉखला सापडायला अजून नऊ वर्षं होती. त्याच वर्षी हान्सेन यांची तरुण पत्नी क्षयानं गेली.

हान्सेन यांची दुसरी बाजूही बर्गेननं लिहून ठेवली आहे. १८७९ मध्ये त्यांनी एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रोग्याचा अंश टोचला. ती तयार झाली नसती, हे त्यांना माहीत होतं. बाईनं तक्रार केली, खटला उभा राहिला, १८८० मध्ये निकाल लागला आणि इस्पितळातली त्यांची जागा गेली. ज्या माणसाच्या नावानं रोग ओळखला जातो त्याच्याविरुद्ध एका गरीब रोगी बाईचा शब्द न्यायालयानं मानला. मला हान्सेन यांच्या जंतूइतकीच ही गोष्ट मोठी वाटते. देशाचे कुष्ठरोग अधिकारी म्हणून ते नंतरही काम करत राहिले. १८५६ मध्ये देशात अठ्ठावीसशेच्या आसपास रोगी होते, १९०० पर्यंत सहाशेच्या आत आले. औषध तेव्हा नव्हतंच. सेंट यॉर्गनमधले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. पन्नासहून अधिक वर्षं ते त्या कोठड्यांत राहिले होते.

आणि १८७३ मध्येच, म्हणजे जंतू दिसला त्याच वर्षी, या गावात एक इंग्रज डॉक्टर आला, हेन्री व्हँडाइक कार्टर. शरीररचनेच्या जगप्रसिद्ध 'ग्रेज अॅनाटॉमी'तली चित्रं काढणारा तो हाच. तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत असे, आणि १८६३ पासून १८७२ पर्यंत तो साताऱ्याचा सिव्हिल सर्जन होता. रजा घेऊन तो आला तो थेट नॉर्वेत, कुष्ठरोगाची व्यवस्था बघायला. हान्सेनना भेटला, इस्पितळं पाहिली, आणि नॉर्वेच्या पद्धतीतून हिंदुस्थानानं काय घ्यावं याचा अहवाल १८७४ मध्ये छापला. भारतात कुष्ठरोगावर सरकारनं काय करावं या चर्चेत त्यानंतर बर्गेनचं नाव सतत येत राहिलं. १८९० मध्ये मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. तो काढला पालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांनी, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा केले. वडाळ्याला त्यांच्या नावाचं ते रुग्णालय आजही आहे आणि तिथे एक संग्रहालयही आहे.

साताऱ्याला माझं आजोळ. कार्टरचं नाव मी तिथे कधी ऐकलं नाही, ना रस्त्याला, ना इस्पितळात, ना कुणाच्या बोलण्यात. नऊ वर्षं तो तिथे होता. त्या नऊ वर्षांत त्याच्यासमोर येऊन बसलेली माणसं कुठली होती? जावळीची, कोरेगावची, माणची? त्यांची नावं त्यानं लिहिली का? बर्गेनच्या नोंदवहीतली नावं आज कुणालाही संगणकावर शोधता येतात. नातवंडं-पतवंडं शोधतात, पणजीला कधी नेलं, ती कोणत्या कोठडीत होती, किती वर्षं जगली. घराण्यानं शतकभर दडवलेलं नाव त्यांना पुन्हा सापडतं. कार्टरचे कागद लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत, काही सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारातही असतील. साताऱ्यातल्या किंवा मिरजेतल्या एखाद्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं, इतिहासाच्या एखाद्या मुलीनं ते उघडून बघावेत, आणि त्यांतली साताऱ्याची माणसं मराठीत लिहून काढावीत. कुणी करणार असेल तर आजोळचं घर रिकामंच आहे, मुक्कामाची सोय मी करीन.